आचार्य विनोबा भावे : दानाकडून संविभागाकडे

आपल्या बडोदे शहरात ज्यांचे बालपण आणि विद्यार्थिदशा गेली अशा थोर पुरुषांत आचार्य विनोबा भावे यांचे नाव आदराने घेतले जाते. भूदान यज्ञाचे प्रणेते म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. त्यांनी पायी फिरून लाखो एकर जमीन मागून घेतली, एवढे आपल्या घरांतील लहान मुलेही सांगतील. परंतु मिळालेल्या त्या जमिनीचे पुढे काय झाले आणि तो अनुभव घेऊन विनोबाजींचा विचार कोठवर जाऊन पोहोचला, हा भाग फारसा कोणी सांगत नाही. त्यांच्या चरित्रातून आज घेण्यासारखे जे आहे ते या मागल्या भागातच आहे, असे वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रस्तुत लेखक पुजाऱ्याच्या घरात जन्मलेला आहे. दान हा शब्द आमच्या घरी नित्य कानांवर पडतो. संकल्प सांगितला जातो, यजमान हातावरून उदक सोडतात, वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि दान पूर्ण होते. देणारा पुण्याचा धनी झाला, घेणारा संतुष्ट झाला आणि दोघांचा संबंध तेथेच संपला, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. विनोबाजींचे चरित्र वाचल्यावर ती डळमळली. आद्य शंकराचार्यांनी गीतेवरील आपल्या भाष्यात दान या शब्दाचा अर्थ यथाशक्ती संविभाग, म्हणजे आपल्यापाशी असेल त्याची योग्य वाटणी, असा केला आहे. विनोबाजी याच अर्थाचा पुनःपुन्हा आधार घेत. उपकार म्हणून जे दिले जाते ते एका दिवसाचे काम असते. वाटणी मात्र दरवर्षी, दर हंगामात आणि सर्वांनी एकत्र बसून करावी लागते. विनोबाजींच्या जीवनाचा उत्तरार्ध म्हणजे या दोहोंमधील अंतराचा शोध होय.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. आजोबा शंभूराव हे व्रतस्थ व ईश्वरनिष्ठ गृहस्थ होते. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, परंतु त्यांची भक्ती डोळस होती. घरच्या अंगणातील फणस पिकला म्हणजे त्या पानांचे द्रोण करून त्यांत गरे भरून ठेवीत. मुलांनी ते द्रोण आधी शेजारच्या घरोघरी पोहोचवून यावे आणि मग आपण खावे, असा त्यांचा दंडक असे. झाड आपल्या अंगणात असले तरी फळावर सगळ्या आळीचा वाटा आहे, हा पहिला धडा विनायकाने द्रोण हातात घेऊन गिरवला. तो पुस्तकातून मिळालेला नव्हता आणि म्हणूनच तो पुढे कधी पुसला गेला नाही.

वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत. कापड रंगविण्याच्या शास्त्राची त्यांना गोडी होती. लौकरच सारे कुटुंब येथे आले आणि विनायकाचे शिक्षण बडोद्यात सुरू झाले. गणितात त्याची बुद्धी विशेष चाले. शाळेच्या नेमलेल्या पुस्तकांपेक्षा ग्रंथालयात आणि लांब लांब भटकण्यात त्याचे मन अधिक रमे. आपल्या शहराच्या रस्त्यांवरून ऐन दुपारी अनवाणी चालणाऱ्या या मुलाला पुढे सारा देश पायांखाली घालावयाचा आहे, हे तेव्हा कोणास ठाऊक असणार? समवयस्क मित्रांना जमवून त्याने एक विद्यार्थी मंडळही काढले होते. तेथे व्याख्याने होत, वाचन होई, वाद रंगत.

महाविद्यालयात असता एके दिवशी आई चुलीपाशी स्वयंपाक करीत होती. विनायकाने आपल्या प्रमाणपत्रांची गुंडाळी करून ती चुलीतील विस्तवात जाळून टाकली. नोकरी करावयाचीच नाही, तर हे कागद हवेत कशाला, असा त्याचा विचार होता. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला, पण सुरतेस उतरून काशीकडे निघून गेला. काशीत गांधीजींच्या भाषणाची हकीकत त्याच्या वाचनात आली, पत्रव्यवहार झाला आणि जून १९१६ मध्ये अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात गुरुशिष्यांची भेट झाली. विनायकाचा विनोबा झाला तो तेथेच. पुढे एक वर्षाची रजा घेऊन त्यांनी वाईस संस्कृताचे अध्ययन केले. १९१८ च्या साथीत मातोश्री बडोद्यास वारल्या. गीता मराठीत आपल्याला कळेल अशी असावी, ही त्यांची इच्छा पुत्राने १९३० नंतर 'गीताई' रचून पूर्ण केली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे सर्वश्रुतच आहे.

१९२१ मध्ये गांधीजींच्या आज्ञेने विनोबाजी वर्ध्यास गेले आणि तोच परिसर त्यांची कायमची कर्मभूमी झाला. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला मान गांधीजींनी त्यांना दिला, तेव्हा कोठे देशाला त्यांचे नाव कळले. तोवर ते सूत कातीत, विणीत, शिकवीत आणि खेड्यांची सेवा करीत राहिले होते. पवनारजवळच्या सुरगाव या खेड्यात ते कित्येक महिने रोज चालत जाऊन रस्त्यांवरील मैला स्वतः साफ करीत. रस्ता सर्वांचा असतो, म्हणून तो कोणाचाच नसतो, आणि ज्याला कोणी धनी नाही त्याची घाण कोणी काढीत नाही. सार्वजनिक वस्तूचे हे दुःख त्यांनी हातात फावडे घेऊन जाणून घेतले.

१९५० मध्ये पवनार आश्रमात पैशाशिवाय जगण्याचा प्रयोग सुरू झाला. त्याला कांचनमुक्ती असे नाव होते. बैलांचाही आधार न घेता केवळ मानवी श्रमाने शेती करावयाची, म्हणून आश्रमवासीयांनी कुदळी घेऊन जमीन खणली, विहिरीचे काम अंगावर घेतले आणि माणसांनी फिरवावयाच्या रहाटाने पाणी काढून पिकांना दिले. जमिनीवर घाम गाळल्याशिवाय जमिनीविषयी बोलण्याचा अधिकार पोहोचत नाही, अशी त्यांची धारणा होती. दुसऱ्याच वर्षी तो अधिकार बजावण्याचा प्रसंग आला.

हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे एप्रिल १९५१ मध्ये सर्वोदय संमेलन भरावयाचे होते. विनोबाजी मार्च महिन्यात पवनारहून पायीच निघाले. त्या वेळी तेलंगणाची स्थिती भयंकर होती. निजामी अमलात हजारो एकर जमीन मोजक्या देशमुखांच्या व जहागीरदारांच्या हाती साचली होती आणि कसणारा वेठीने पिचला होता. १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली तेथे सशस्त्र उठाव चालू होता. रात्री एका बाजूची आणि दिवसा पोलिसांची धास्ती, अशा कात्रीत खेडी सापडली होती. संमेलन आटोपल्यावर विनोबाजी याच भागात कोणतेही संरक्षण न घेता हिंडू लागले.

१८ एप्रिल १९५१ रोजी ते नळगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी पोहोचले. तेथे चाळीस भूमिहीन दलित कुटुंबांनी आपली व्यथा त्यांच्यापुढे मांडली. थोडी जमीन मिळाली तर आपण कष्ट करून पोट भरू, असे त्यांचे म्हणणे होते. किती हवी, असे विचारता त्यांनी आपसांत हिशेब करून ऐंशी एकर सांगितली. चाळीस एकर पाण्याखालची आणि चाळीस कोरडवाहू, एवढीच त्यांची मागणी होती. सरकारकडे अर्ज करण्याचा विचार विनोबाजींच्या मनात आला. तथापि सरकारी काम केव्हा तडीस जाईल याचा नेम नव्हता. म्हणून जमलेल्या गावकऱ्यांनाच त्यांनी विचारले की, यांच्यासाठी कोणी काही करू शकेल काय? वेदिरे रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी शंभर एकर देऊ केली. मागणी ऐंशीची आणि देणे शंभराचे! त्या रात्री विनोबाजींना झोप आली नाही. या घटनेत ईश्वरी संकेत आहे, असे मानून त्यांनी गावोगाव भूमी मागण्याचे व्रत घेतले. तेलंगणातील एक्कावन्न दिवसांत सुमारे बारा हजार एकर जमीन मिळाली. ते गाव पुढे भूदान पोचमपल्ली या नावानेच ओळखले जाऊ लागले.

त्यानंतरची तेरा वर्षे म्हणजे एक अखंड पदयात्रा होती. पहाटेच्या काळोखात कंदील घेऊन निघावे, उन्हे चढण्यापूर्वी पुढचे गाव गाठावे, सायंकाळी प्रार्थनासभेत जमीन मागावी, असा नित्यक्रम ऊन, पाऊस आणि आजार यांची पर्वा न करता चालला. मागण्याची रीतही घरगुती होती. पाच मुलगे असतील तर आपणास सहावा समजून वाटा द्यावा, असे ते जमीनमालकांस सांगत. देशातील लागवडीखालील जमीन सुमारे तीस कोटी एकर धरून तिचा सहावा भाग म्हणून पाच कोटी एकरांचे उद्दिष्ट १९५७ पर्यंत गाठावे, असे ठरले होते. प्रत्यक्षात चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली आणि तीतील निम्म्याच्या आसपास एकट्या बिहारात मिळाली. उद्दिष्टाच्या मानाने हा आकडा लहान दिसेल. परंतु बळाचा वापर न करता, केवळ मागून, इतकी जमीन हातांबाहेर पडल्याचे उदाहरण इतिहासात दुर्मीळ आहे.

आता खरी परीक्षा पुढे होती. मिळालेल्या जमिनींपैकी कित्येक खडकाळ निघाल्या, कित्येकांवर वाद चालू होते, कित्येक दानपत्रांत दिलेली जमीन नेमकी कोठली हेच लागेना. मोठा भाग वाटलाच गेला नाही. ज्याला जमीन मिळाली त्याच्यापाशी बैल नव्हते, बी नव्हते आणि मुख्य म्हणजे पाणी नव्हते. विहिरीवाचून कोरडवाहू तुकडा घेऊन गरिबाने करावे काय? म्हणून भूदानाला कूपदानाची, म्हणजे विहिरीच्या दानाची आणि संपत्तिदानाची जोड द्यावी लागली. तरीही एक दोष उरलाच. नवा मालक कर्जबाजारी झाला की, त्याचा तुकडा पुन्हा सावकाराकडे जाण्याची भीती असे. एका मालकाच्या जागी दुसरा छोटा मालक बसला, परंतु गाव होते तसेच राहिले.

या प्रश्नाचे उत्तर विनोबाजींना एका खेड्यानेच सुचविले. मे १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातील हमीरपूर जिल्ह्यात मंगरोठ या गावच्या लोकांनी गावाची सारी जमीन एकत्र अर्पण केली. कोणी किती दिली, हा प्रश्नच तेथे उरला नाही. हे पहिले ग्रामदान होय. पुढे ओरिसाच्या कोरापुट जिल्ह्यात आदिवासी गावांनी शेकड्यांनी ग्रामदाने केली. त्यांच्या परंपरेत जंगल, पाणी आणि डोंगरावरील शेती यांजकडे सर्वांची म्हणून पाहण्याची दृष्टी होती आणि त्यामुळे ही कल्पना त्यांना परकी वाटली नाही. घरातील माणसे मोजून जमिनीची वाटणी करण्यात आली. तेथील उभारणीचे काम पाहण्यासाठी आपले अण्णासाहेब सहस्रबुद्धे जाऊन राहिले होते, ही मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये म्हैसूरजवळ येलवाल येथे राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान पंडित नेहरू आणि निरनिराळ्या पक्षांचे पुढारी एकत्र बसले व त्यांनी ग्रामदानाला पाठिंबा दिला. जे एरवी एकमेकांशी भांडत, ते एका खेड्याच्या कल्पनेसाठी एकत्र आले, हेही थोडे नव्हे.

अनुभवाने ग्रामदानाची योजना अधिक सोपी करण्यात आली. हिला सुलभ ग्रामदान म्हणतात. तिचे स्वरूप नीट ध्यानी घेण्यासारखे आहे. जमिनीची मालकी ग्रामसभेच्या नावे होते आणि ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व प्रौढ स्त्रीपुरुष होत. प्रत्येक जमीनधारक आपल्या जमिनीचा विसावा भाग भूमिहीनांसाठी काढून देतो. बिहारात वीस कठ्ठ्यांचा एक बिघा होतो, म्हणून तेथे बिघ्यामागे एक कठ्ठा असा हिशेब लोकांच्या तोंडी बसला. उरलेली जमीन पूर्वीच्याच कुटुंबाने कसावी आणि ती वारसांकडे जावी. मात्र ती गावाबाहेरच्या माणसाला विकता येत नाही आणि गावातही तिचा व्यवहार ग्रामसभेच्या संमतीनेच होतो. पिकाचा चाळिसावा भाग शेतकरी ग्रामकोशात घालतो, मजुरी किंवा पगार मिळविणारा महिन्यातील एका दिवसाची कमाई घालतो. या कोशातून अडल्यानडल्याला साहाय्य मिळते आणि विहीर, बांध यांसारखी सामाईक कामे उभी राहतात. गावातील तीनचतुर्थांश लोकांची संमती आणि गावकऱ्यांच्या जमिनीपैकी निम्म्याहून अधिक जमीन आली, म्हणजे ग्रामदान झाले असे मानावे आणि पुढचे निर्णय शक्य तो एकमताने घ्यावेत, असा नियम होता.

यातील मर्म कोणते? मालकी आणि कसणे यांची येथे फारकत केलेली आहे. घाम ज्याचा त्याचा, पीकही बहुतांशी ज्याचे त्याचे, पण भूमाता कोणा एकट्याची नव्हे. पाण्याबाबत हे आपणास सहज पटते. एकाच नदीवर वरच्या गावाने सारे पाणी अडविले तर खालचे गाव तहानेने मरेल, हे सांगावे लागत नाही. जमिनीबाबत ते पटत नाही, कारण तिला कुंपण घालता येते. कुंपण घालता येते म्हणून ती वस्तू आपली होत नाही, ही विनोबाजींची शिकवण होती. वारा, ऊन आणि पाणी यांप्रमाणेच जमीनही ईश्वराने सर्वांसाठी दिलेली आहे, हे ते खेडोपाडी सांगत फिरले.

देवळांविषयीही त्यांचा भाव हाच होता आणि एका पुजाऱ्याच्या मुलाने ते लिहावे, हे मी कर्तव्य समजतो. सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारातील वैद्यनाथधाम येथे ते हरिजन बांधवांसह दर्शनास गेले असता पंड्यांनी त्यांना मारहाण केली. त्यांच्या कानाला इजा झाली. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, असे विनोबाजींनी सांगितले. ज्यांनी हात उगारला ते पूजेचे अधिकारी होते आणि आम्हीही पूजेचेच अधिकारी आहोत. त्या दिवशी मी तेथे असतो तर कोणत्या बाजूस उभा राहिलो असतो, हा प्रश्न ती हकीकत वाचताना मनाला टोचतो. पुढे मे १९५८ मध्ये पंढरपूरच्या श्रीविठ्ठलाचे दार त्यांच्यासाठी सन्मानाने उघडले आणि निरनिराळ्या धर्मांच्या सहकाऱ्यांसह त्यांनी पांडुरंगाचे दर्शन घेतले. देवळाची किल्ली ज्याच्या कमरेला असते तो देवळाचा राखणदार असतो, मालक नसतो. जमिनीचा सातबारा ज्याच्या नावाचा असतो त्याचीही गोष्ट तीच आहे.

चरित्र लिहिताना केवळ स्तुती करणे उचित नव्हे. १९६५ नंतर बिहारात ग्रामदानाचे तुफान उठले आणि १९६९ मध्ये सारे बिहार राज्यच दान झाल्याचे घोषित करण्यात आले. देशातील ग्रामदानी गावांची संख्या लाखावर गेली. परंतु यांतील बहुसंख्य गावांनी केवळ संकल्पपत्रावर सह्या केल्या. मालकी ग्रामसभेच्या नावे प्रत्यक्षात झाली नाही, विसावा भाग निघाला नाही, ग्रामसभा भरल्या नाहीत. जेथे कायद्याने ग्रामदान झाले तेथेही अडचणी आल्या. जमीन आपल्या एकट्याच्या नावे नसली म्हणजे ती तारण ठेवून कर्ज काढणे शेतकऱ्याला कठीण जाई. १९५६ मध्ये तमिळनाडूतील पळणी येथे विनोबाजींनी भूदान समित्या विसर्जित करण्याचा व गांधी निधीचे साहाय्य सोडण्याचा निर्णय घेतला होता. लोकांनी हे काम आपले म्हणून करावे, हा त्यांचा हेतू उदात्त होता. परंतु त्यामुळे काही प्रांतांत वाटपाचे काम मंदावले. आणीबाणीच्या काळात त्यांनी जी भूमिका घेतली तीवरही त्यांच्याच अनेक सहकाऱ्यांनी टीका केली. थोर पुरुषांच्या चुका झाकल्याने त्यांचे थोरपण वाढत नाही.

१९६४ मध्ये तेरा वर्षांनी विनोबाजी पवनारला परतले. १९७० पासून त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला आणि धाम नदीच्या काठावरील आश्रम सोडला नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांनी अन्न, पाणी व औषध यांचा त्याग केला आणि १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या दिवसांत, शांतपणे देह ठेवला. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा किताब देण्यात आला.

मग ग्रामदान फसले, असे म्हणावयाचे काय? याचे उत्तर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा या लहानशा गोंड गावात मिळते. या गावात गेली कित्येक दशके ग्रामसभा नियमाने भरते आणि निर्णय सर्वांच्या सहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलून पुन्हा चर्चा करावयाची, अशी तेथील रीत आहे. कोणत्याही प्रश्नावर निर्णयापूर्वी अभ्यास करावा म्हणून गावात अभ्यासगटही चालतो. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपला बांबू स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. त्यानंतर २०१३ मध्ये गावाने महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्यान्वये आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा विनोबाजींना जाऊन एकतीस वर्षे झाली होती. पदयात्रा नव्हती, व्यासपीठावर पुढारी नव्हते, उद्दिष्टाचा आकडाही नव्हता. केवळ एकत्र बसण्याची जुनी सवय तेथे होती.

येथे दोन्ही अनुभव शेजारी ठेवून पाहावेत. जेथे सही आधी झाली आणि सभा मागाहून भरावयाची राहिली, तेथे ग्रामदान कागदावर उरले. जेथे सभा आधी अनेक वर्षे भरत राहिली आणि सही मागाहून झाली, तेथे ते रुजले. सामाईक वस्तू औदार्याने मिळू शकते, पण ती टिकते ती माणसांच्या नित्य एकत्र येण्याने. कोणी किती घ्यावे, कोणी किती घालावे, नियम मोडणाऱ्याला कोणी समजवावे, हे ज्यांचे त्यांनी बसून ठरविले नाही, तर विहीर असो, गायरान असो, तलाव असो वा जंगल असो, प्रथम ते बेवारस होते आणि मग कोणीतरी बळकट माणूस त्याला कुंपण घालतो.

आपण शहरात राहतो. आपल्यापाशी शेती नाही, गायरान नाही. परंतु आपल्या सामाईक वस्तू कमी आहेत काय? भूगर्भातील पाणी सर्वांचे आहे आणि ज्याची कूपनलिका खोल तो ते अधिक उपसतो. नदी सर्वांची आहे आणि तीत काय सोडावे याचा विचार ज्याचा तो करीत नाही. देऊळ सर्वांचे आहे. उत्सवासाठी वर्गणी देताना आपण हात आखडता घेत नाही, आणि हे औदार्य खरोखर वंदनीय आहे. परंतु संस्थांच्या वार्षिक सभांना बहुधा खुर्च्या रिकाम्या असतात, हिशेब न वाचताच मंजूर होतात आणि मग वर्षभर तक्रारी चालतात. वर्गणी हे दान झाले. सभेत येऊन बसणे, ऐकणे, आपले मत सांगणे आणि दुसऱ्याच्या मतासाठी थोडे थांबणे, हा संविभाग होय. पहिल्याला घटका पुरते, दुसऱ्याला आयुष्य द्यावे लागते.

या शहराच्या रस्त्यांवरून अनवाणी चाललेल्या त्या मुलाचे स्मरण करावयाचे असेल, तर पुतळ्यापेक्षा आणि जयंतीपेक्षा हा मार्ग अधिक खरा आहे. आपल्या मंदिराची पुढील वार्षिक सभा जेव्हा भरेल, तेव्हा प्रत्येक घरातून निदान एकाने तरी तीस यावे आणि शक्य तर घरातील तरुण मुलामुलींनाही सोबत आणावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो. लहान तोंडी मोठा घास घेतला आहे. उणे असेल ते वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.